एआयकडून बातमीचा सारांश: कुठे चालतं, कुठे अडतं

दादरची अभ्यासिका असो की सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, पेपरातल्या बातम्यांचे एआयने काढलेले सारांश सगळीकडे फिरतात. ‘शब्द बदलले की झालं’ ही समजूत मात्र कच्ची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘रूपांतर’ या शब्दाच्या व्याख्येतच साहित्यकृतीचा संक्षेप येतो आणि रूपांतराचा हक्क कलम १४ नुसार मालकाचा असतो.

माहितीवर मात्र कोणाची मालकी नसते. ‘रविवारी माटुंगा ते मुलुंड डाऊन धीम्या मार्गावर ब्लॉक’ हे कुणीही सांगावं. ‘रेल्वेने सुट्टीचा पार भुगा केला’ हे वाक्य बातमीदाराचं. एआय नेमकं असलंच चटकदार वाक्य उचलतं, शिवाय मुद्द्यांचा क्रमही मूळ बातमीचाच ठेवतं. म्हणून काम दोन टप्प्यांत करा. आधी फक्त कोण, कुठे, कधी, किती एवढीच यादी मागा. मग मूळ मजकूर बंद करून नव्या चॅटमध्ये, केवळ त्या यादीवरून सारांश लिहून घ्या. दोन-तीन ठिकाणच्या बातम्यांची यादी एकत्र केली तर आणखी बरं. शेवटी संशय येईल ते सहा-सात शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. जसेच्या तसे सापडले तर ते वाक्य मोडा. (सहा-सात हा आपला अंदाज, कायद्याचा नव्हे. ‘दहा टक्के चालतं’ असंही कायद्यात कुठे नाही.)

आकडे रेल्वेच्या मूळ सूचनेशी ताडून बघा. अप-डाऊनची अदलाबदल झाली आणि खाली पेपरचं नाव असलं, तर चूक त्याच्या माथी बसते आणि तक्रार तुमच्याकडे येते.

स्वतःच्या अभ्यासाच्या टिपणांना कलम ५२ ची मुभा आहे. तोच सारांश पैसे घेऊन चॅनलवर टाकलात की ‘खाजगी वापर’ म्हणता येत नाही. समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांनाही मुभा आहे, पण किती आणि काय घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ मजकुराशी स्पर्धा होते का, या तीन कसोट्या केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मांडल्या आहेत. तिसरी सर्वांत जड. सारांश वाचून मूळ बातमी उघडायची गरजच उरत नसेल, तर खाली ‘साभार’ लिहून सुटका नाही. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे.

न्यायालयाच्या निकालांचं सोपं आहे: मजकूर मुंबई उच्च न्यायालयाच्याच संकेतस्थळावरून घ्या. खाजगी प्रकाशकाची प्रत एआयला देऊ नका. परिच्छेदांची मांडणी आणि संपादकीय नोंदी प्रकाशकाच्या ठरू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटलं आहे.

नोटीस आलीच तर आधी पोस्ट काढा, मग वाद घाला. कलम ६२ मुळे मुंबईचा प्रकाशक नांदेडच्या चॅनलवरही मुंबईतच दावा लावू शकतो.