टोरंटो परिसरात कॅथलिक शाळा शोधताना : दोन आया किंवा दोन बाबा असलेल्या घरांसाठी

वसईहून किंवा मुंबईच्या उपनगरांतून टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या भागात येणाऱ्या मराठी कॅथलिक कुटुंबांचा पहिला प्रश्न घराचा असतो आणि दुसरा शाळेचा. ज्या घरात दोन आया किंवा दोन बाबा आहेत, तिथे आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुतेक जण दबक्या आवाजात विचारतात : आमच्या लेकराला तिथे आपले म्हणतील का? मी वसईची आहे. माझी पत्नी आणि मी आमच्या मुलीला बालवर्गापासून इथल्या कॅथलिक शाळेत पाठवत आहोत आणि ती आता दुसरीत आहे. आपले म्हणणाऱ्या शाळा इथे आहेत, परंतु त्या प्रत्यक्ष जाऊन, थेट विचारून शोधाव्या लागतात.

प्रथम व्यवस्था समजून घ्यावी. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटले की फी आणि संस्थेची मर्जी आठवते. टोरंटो ज्या प्रांतात येते त्या ओंटारियोत कॅथलिक शाळा कॅनडाच्या १८६७ च्या राज्यघटनेतील कलम ९३ च्या आधारे सार्वजनिक पैशावर चालतात, त्यांना फी नसते आणि म्हणूनच प्रांताचे कायदे त्यांनाही लागू होतात. प्रांताच्या मानवी हक्क संहितेत लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करण्यास १९८६ पासून बंदी आहे, तर लिंगओळख आणि तिची अभिव्यक्ती हे आधार २०१२ मध्ये जोडले गेले. त्याच वर्षीच्या ‘ॲक्सेप्टिंग स्कूल्स ॲक्ट’नुसार विद्यार्थ्यांनी ‘गे-स्ट्रेट अलायन्स’ (समलिंगी आणि इतर विद्यार्थ्यांची एकजूट) या नावाने गट काढायचे ठरवले, तर ते नाव बोर्ड, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारे मंडळ, किंवा प्रिन्सिपल नाकारू शकत नाहीत, आणि हे कॅथलिक शाळांनाही बंधनकारक आहे. त्याआधी, २००२ मध्ये, ओशावातील कॅथलिक शाळेच्या मार्क हॉल या विद्यार्थ्याला आपल्या प्रियकरासह प्रॉमला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या नाचाच्या समारंभाला, जाता यावे यासाठी न्यायालयात जावे लागले होते आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने आदेश दिला. आज आपल्याला जे सहज मिळते, त्यासाठी कोणा मुलाला शाळेशी भांडावे लागले आहे, याची जाणीव ठेवावी असे मला मनापासून वाटते.

कायदा सर्वत्र एकच असला तरी वातावरण बोर्डागणिक बदलते. टोरंटोच्या कॅथलिक बोर्डाने मे २०२१ मध्ये जून महिन्यात प्राइडचा, म्हणजे समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या अभिमानाचा, इंद्रधनुषी झेंडा लावण्याचा ठराव केला. शेजारच्या यॉर्कच्या कॅथलिक बोर्डाने मे २०२३ मध्ये तसा प्रस्ताव फेटाळला. झेंड्यावरून ट्रस्टींचा, म्हणजे बोर्डाच्या निवडून आलेल्या सदस्यांचा, कल कळतो, पण तुमच्या मुलाच्या वर्गातली बाई कशी आहे हे कळत नाही. घर भाड्याने घेण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणती शाळा लागते हे बोर्डाकडे विचारावे आणि त्या शाळेच्या प्रिन्सिपलची भेट मागावी, कारण प्रवेश सामान्यतः पत्त्यावरून ठरतो आणि करार झाल्यावर पर्याय कमी उरतात.

त्या भेटीत ‘आमच्यासारख्यांना तुम्ही घेता का?’ असे विचारू नये. घेण्याला ते बांधीलच आहेत. विचारायचे ते नेमके : फॉर्मवर आमची नावे कशी लिहिणार? ‘फॅमिली लाइफ’च्या तासाला विवाहसंस्काराचा धडा येतो तेव्हा आमच्या मुलीसमोर काय बोलले जाईल? कोणी तिला चिडवले तर आम्हाला कधी आणि कोण कळवणार? आम्ही प्रथम पाहिलेल्या एका शाळेत फॉर्मवर आई आणि वडील अशा दोनच चौकटी होत्या, आणि ऑफिसमधल्या बाईंनी माझ्या पत्नीचे नाव पालक म्हणून न घेता ‘इतर संपर्क’ या रकान्यात टाकले. आम्ही मुलीचा जन्मदाखला पुढे ठेवला. ओंटारियोत २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे त्यावर आम्ही दोघीही पालक म्हणून नोंदलेल्या आहोत. तरीही उत्तर मिळाले की संगणकात तशी सोय नाही. आम्ही तिथून उठलो.

दुसऱ्या शाळेतल्या बालवर्गाच्या बाईंनी मे महिन्यात मदर्स डेच्या आठवडाभर आधी मला दारात थांबवून विचारले, ‘ती दोन कार्डे करील ना? मी तिच्यासाठी कागद जास्त कापून ठेवते.’ त्या दिवशी मुलगी दोन्ही हातांत एकेक कार्ड धरून घरी आली, एकावर पिवळे फूल आणि दुसऱ्यावर आमचे मांजर. मी शाळा कशावरून पारखते असे कोणी विचारले, तर मी त्या जास्त कापलेल्या कागदाकडे बोट दाखवते.

एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. शाळा विवाहाविषयी चर्चचीच शिकवण देणार, आणि ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी शेजारची साधी सरकारी शाळा निःसंकोच निवडावी. आम्हाला मात्र मुलीने प्रार्थना, मिस्सा, नाताळचा गोठा यांत वाढावे असे वाटले. दुसरीत पहिल्या कम्युनियनची तयारी असते, परंतु संस्कार पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, होतो, म्हणून शाळा चांगली मिळाली तरी फादरांची भेट स्वतंत्रपणे घ्यावी लागते. बाप्तिस्मा राहिला असेल तर हे लक्षात ठेवावे की मूल श्रद्धेत वाढेल अशी खरी आशा असेल तर समलिंगी पालकांच्या मुलाला बाप्तिस्मा देता येतो, असे व्हॅटिकनने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

राहता राहिली कागदपत्रे : पत्त्याचा पुरावा, इमिग्रेशनचे कागद, लसीकरणाची नोंद, जन्मदाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला. प्राथमिक शाळेसाठी बहुतेक बोर्डांत मूल किंवा एक पालक कॅथलिक असणे पुरते, त्यामुळे दोघींपैकी एकीचाच बाप्तिस्मा झाला असेल तरी खचू नये. भारतातल्या जन्मदाखल्यावर एकाच आईचे नाव असेल, तर दुसरीचे नाव लेखी संमतीपत्रासह, मुलाला शाळेतून नेण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. कायदेशीर पालकत्वासाठी वकिलाकडे जावे लागते, आणि ते काम लांबणीवर टाकू नये. मूल ज्या वर्षी चार वर्षांचे होते त्या सप्टेंबरात बालवर्ग सुरू होतो आणि नोंदणी साधारण त्याआधीच्या जानेवारीत उघडते. म्हणून गावच्या पॅरिश ऑफिसातून बाप्तिस्म्याचा इंग्रजी दाखला, सही-शिक्क्यासह, निघण्यापूर्वीच हातात घ्यावा. इथून फोन करून तो मागवण्यात माझे दोन महिने गेले.