ओपन सोर्स प्रकल्पात वाद पेटला की टिपण कसं लिहावं

ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात मेंटेनरांचं, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्यांचं, आपसांत बिनसलं की इंदूरच्या विजयनगरमधल्या ऑफिसांतून विचारणा सुरू होते: "फूट पडली म्हणे. आपलं सॉफ्टवेअर त्याच्यावरच उभं आहे, आता काय?" उत्तर म्हणून पानभर टिपण लागतं. ते लिहायचं कसं, असं विचारलं की "सौम्य भाषा ठेवा, तटस्थ राहा" एवढंच ऐकायला मिळतं. हा सल्ला फार अपुरा आहे. भाषा कितीही सौम्य असली, तरी निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता हे वाचणाऱ्याला कळलं नाही तर टिपण वाया गेलं.

सुरुवात मूळ कागदांपासून करा: लायसन्सची, म्हणजे कोड वापरण्याच्या अटींची फाइल, तिच्यात शेवटचा बदल झाल्याची नोंद, प्रकल्पाची घटना, म्हणजे लिखित नियमावली असेल तर ती, आणि दोन्ही बाजूंनी आपल्या नावाने दिलेली निवेदनं. कुणीतरी पुढे ढकललेले स्क्रीनशॉट बाजूला ठेवा. मग घडामोडी तारीखवार मांडा.

पुढचा टप्पा खरा अवघड. मलाही तो हाती यायला फार वेळ लागला. कोणता अधिकार कोणाकडे आहे, हे इथे सुटं सुटं करायचं असतं. राजेंद्रनगरात एखाद्या गणेशोत्सव मंडळात दोन गट पडले की जाणती माणसं आधी काय विचारतात? नोंदणी कोणाच्या नावे, बँकेत सही कोणाची, सामानाच्या खोलीची किल्ली कोणाकडे आणि कार्यकारिणी निवडली कोणी. चारही उत्तरांत एकच माणूस असेल असं नाही. सॉफ्टवेअरमध्येही कोडचं लायसन्स, नावाचा ट्रेडमार्क, रेपो (कोड ठेवलेली जागा) आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) यांच्या किल्ल्या, आणि कोणता बदल घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क, अशा चार वेगळ्या गोष्टी आहेत. चार ओळी आखा, प्रत्येकीसमोर धारकाचं नाव लिहा. एखाद्या ओळीला उत्तर मिळालं नाही तर "लिखित नियम सापडला नाही" असं स्पष्ट लिहा. पुष्कळदा वादाचं मूळ त्या ओळीतच असतं.

रेडिस या डेटाबेसचं उदाहरण घ्या. मार्च २०२४मध्ये त्यामागच्या कंपनीने ७.४ आवृत्तीपासून भरपूर मोकळीक देणारं बीएसडी लायसन्स सोडलं आणि वापरावर बंधनं घालणारी दोन लायसन्सं आणली. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या आश्रयाने व्हॅल्की हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प, निघाला. "फोर्कवाल्यांनी रेडिस पळवलं" हे चूक आणि "कंपनीने सगळ्यांचा कोड हिरावला" हेही चूक. व्हॅल्की ज्या ७.२.४ आवृत्तीवरून निघालं तिचा कोड बीएसडीखाली होता, तो पुढे नेण्याची कुणालाही मुभा होती. नाव कंपनीचं होतं, ते नेता येत नव्हतं. हे एवढं लिहिलं की निम्मा गोंधळ संपतो. सप्टेंबर २०१०मध्ये ओपनऑफिस या ऑफिस-कामाच्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून बाहेर पडलेल्यांनी लिब्रेऑफिस हे नवं नाव घेतलं, तेही जुनं नाव ओरॅकल कंपनीकडे होतं म्हणूनच.

याच टप्प्यावर आणखी एक गल्लत होते. वाद ज्यावरून पेटला, तोच वादाचा विषय आहे असं धरून लोक लिहीत सुटतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत := हे चिन्ह आणावं का, यावरून २०१८ साली कडाक्याची चर्चा झाली. तो प्रस्ताव, पीईपी ५७२, मंजूर झाला आणि १२ जुलैला भाषेचे जनक ग्विदो व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णय देण्याच्या जागेवरून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. वारस नेमणार नाही, हेही सांगितलं. त्यानंतर चिन्ह चांगलं की वाईट, यावर पानं भरण्यात अर्थ नव्हता. यापुढे ठरवणार कोण, हा प्रश्न होता, आणि तो २०१९च्या सुरुवातीला निवडून आलेल्या पाच जणांच्या स्टीअरिंग कौन्सिलने सुटला.

डेबियन या लिनक्स प्रणालीचं उलट आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये, संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारं सिस्टमडी निवडताना तांत्रिक समितीत बरोबरी झाली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. अनेकांना तो मुळीच रुचला नाही, त्यातून पुढे देवुआन हा फोर्कही निघाला. पण बरोबरी झाल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक, ही तरतूद डेबियनच्या घटनेत आधीपासून होती. म्हणून "निकाल पटला नाही" आणि "निकाल देण्याचा हक्कच नव्हता" हे दोन आक्षेप कधीही एका वाक्यात कोंबू नका. टिपणं बिघडताना मी पाहिली आहेत ती बहुतेक इथेच.

दोन शब्दांना माझ्याकडे सक्त मनाई आहे. एक "कम्युनिटी". कम्युनिटी नाराज आहे म्हणजे कोण? कमिटचा, म्हणजे कोड थेट बदलण्याचा अधिकार असलेले, पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव पाठवणारे की नुसते वापरणारे? तेच लिहा. दुसरा "हेतू". कंपनीने काय केलं ते कागदावर दिसतं, मनात काय होतं ते दिसत नाही. स्वतः कंपनीने कारण दिलं असेल तर "असं त्यांचं म्हणणं" म्हणून द्या.

मग दोन्ही बाजू एकेका परिच्छेदात मांडा, आणि प्रत्येक परिच्छेद त्या बाजूकडे कल असलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. "हो, आमचं म्हणणं हेच" असं तो म्हणेपर्यंत टिपण पाठवू नका.

आपण कोणती आवृत्ती वापरतो, तिला कोणतं लायसन्स लागू आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या यापुढे कुठून येतील, हे शेवटी तीन ओळींत द्या.

वर तारीख घाला. रेडिसने मे २०२५मध्ये आवृत्ती ८साठी एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय जोडला, तेव्हा आदल्या वर्षीच्या टिपणांतली लायसन्सची ओळ जुनी झाली. असं झालं की तेवढी ओळ बदला, बदलल्याची तारीख शेजारी लिहा आणि ज्यांना पहिलं टिपण गेलं होतं त्या सगळ्यांना नवं पाठवा.