मोडीतला दागिना घेताना

जुन्या दागिन्यात स्वस्ताई सोन्याची नसते, घडणावळीची असते. मोडीत आलेल्या पाटल्या सराफ एरवी आटवणारच असतो, म्हणून त्यांची घडणावळ बरीचशी सुटते. तेव्हा आधी हिशोब मांडा: निव्वळ वजन (खडे, लाख वगळून, ग्रॅममध्ये) × त्या दिवसाचा २४ कॅरेटचा एका ग्रॅमचा भाव × ०.९१६. ही २२ कॅरेट सोन्याची किंमत. याच्यावर थोडं मागितलं तर बोलणी करा. याच्या बरंच खाली कुणी देत असेल, तर माल खोटा तरी असतो नाहीतर चोरीचा. चोरीचा निघाला की पोलीस जप्त करतात, पैसे बुडतात ते वेगळेच.

ओळखीच्या सराफाला सांगून ठेवा, की ठुशी किंवा बोरमाळ मोडीत आली तर आटवण्याआधी दाखवा. तारण सोन्याच्या लिलावाच्या नोटिसा वर्तमानपत्रांत येतात, पण तिथे माल 'आहे तसा' मिळतो.

शिक्का भिंगातून पाहा. २०२१ च्या जुलैपासून हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. अ‍ॅप अंगठी म्हणतंय आणि हातात बांगडी आहे, तर व्यवहार तिथेच थांबवा. त्याआधीच्या दागिन्यांवर हा क्रमांक नसणारच. नुसतं 'केडीएम' लिहिलेलं असेल तर ते जोडकामाच्या डाखाबद्दल आहे, शुद्धतेचा पुरावा नव्हे.

बिनशिक्क्याचा भरीव दागिना घरी पाण्यात तोलता येतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर वाटीभर पाणी ठेवून आकडा शून्यावर आणा. दागिना दोऱ्यानं पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. २० ग्रॅमच्या २२ कॅरेट बांगडीला काटा साधारण १.१ दाखवेल. सोन्याचं पाणी दिलेल्या तांब्याला २.२ च्या आसपास. पोकळ, खड्यांच्या किंवा लाख भरलेल्या दागिन्याला ही युक्ती चालत नाही. चुंबकावरही विसंबू नका: तांबं-पितळ त्याला चिकटत नाही, आणि खऱ्या साखळीच्या फासातली पोलादी स्प्रिंग मात्र चिकटते.

कॅरेटमीटर, म्हणजे सराफाकडचं शुद्धता मोजायचं यंत्र, फक्त वरचा थर वाचतो. जाड मुलामा त्यालाही फसवतो, म्हणून दर्शनी भाग, झिजलेली मागची कड आणि सांधा अशा तीन ठिकाणी वाचन घ्यायला लावा. सांध्यावर थोडं कमी येणं साहजिक, डाख हलका असतो. कडेला फारच कमी आलं तर आत दुसरा धातू आहे. मोठी रक्कम असेल तर हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या.

सर्वांत जास्त पैसा जातो तो बोरमाळेत. मणी पातळ पत्र्याचे, आत लाख. ती नेमकी किती हे आटवल्याशिवाय कळत नाही. एकूण वजनावर भाव लावला तर लाखेलाही सोन्याचा दर पडतो. लाखेची घट आधी ठरवून पावतीवर निव्वळ वजन लिहून घ्या. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचंही तसंच. आणि घरच्या जुन्या चिठ्ठीवर तोळे असतील तर तो तोळा ११.६६ ग्रॅमचा असू शकतो, आजच्या बाजारातला १० चा नव्हे.