सेल्फ मुका, स्कॅनर गप्प

मे महिना, हातखंब्याच्या अलीकडे आंब्याचा ट्रक उभा. चावी फिरवली की डॅशबोर्ड उजळतो, सेल्फ मात्र मुका. बिघाड शोधायचा स्कॅनर लावला तर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सापडतच नाही. आयटीआय सुटून मला दोन वर्षं झाली होती आणि कॅन लाइन, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती, तोंडपाठ होती. तेच नडलं.

तुम्हालाही पाठ असेल: मेन स्विच बंद करून कॅनच्या दोन वायरींमध्ये ६० ओहम, कारण दोन टोकांना १२०-१२०चे रेझिस्टर. १२० दिसले तर एक टोक तुटलं, शून्याजवळ आले तर वायरी चिकटल्या. मला बरोब्बर ६० आले. ईसीएमच्या अर्थवर, म्हणजे चासीला जाणाऱ्या वायरीवर, मीटर धरला, बीप वाजली. झालं, ईसीएमच गेलाय, असं मी मालकाला ठणकावून सांगितलं. त्याने कोल्हापूरहून दुसरा आणवला. गाडी जागची हलेना. ताडपत्रीखाली आंबा पिकत होता आणि मालक माझ्याशी बोलायचं बंद झाला होता.

शेवटी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. "मेल्या, बीप काय ऐकतोस? बल्ब लाव."

ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला. २४ व्होल्टचा, २१ वॉटचा बल्ब घेतला. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी कपलरमधल्या अर्थच्या पिनेला. बल्ब काजव्याएवढा लुकलुकला. चासीवरची थिंबल, म्हणजे अर्थच्या वायरीच्या टोकाची कडी, उघडली तर आत हिरवी-पांढरी भुकटी. खारी हवा आणि लाल चिखल, दुसरं काय.

आता हे नीट समजून घ्या, मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मीटर तपासताना अगदी नगण्य करंट सोडतो. बरेच मीटर तीसेक ओहमपर्यंत बीप देतात, आणि मी आकडा बघितलाच नव्हता. चावी ऑन होताच ईसीएमला करंट हवा असतो. २० ओहमच्या गंजातून एक अँपिअर गेला तरी २४ पैकी २० व्होल्ट वाटेतच खलास. आणि ते ६० ओहम? रेझिस्टरला ईसीएम जिवंत आहे की मेलेला, याचं सोयरसुतक नसतं. बीप म्हणजे वायर जोडलेली आहे, एवढंच. भार पेलेल, असं नाही.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करून गाडी उठवणाऱ्या उस्तादांपासून लांब राहा. ईसीएम झोपलेला असेल तर डिझेल सुटणारच नाही, आणि गाडी गिअरमध्ये असली तर अंगावर येईल. सुई टोचून वायर तपासणारेही तसलेच; त्या भोकातून पावसाळ्यात गंज शिरतो.

घाबरू मात्र नका. कॅन ऐकायला भयंकर वाटतं, पण माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्याहून जास्त गाड्या पॉलिश पेपर आणि पान्यावर सुटल्या. बल्ब फक्त प्लस आणि अर्थच्या वायरींवर लावायचा, कॅनच्या वायरींना चुकूनही नाही. आणि आधी थेट बॅटरीवर पेटवून बघा. माझ्या बल्बच्या होल्डरलाही दर पावसाळ्यात हिरवं चढतं.