खाजनात यंदा कुठलं बी? 'एडिट' भाताच्या मागे लागण्याआधी हे वाचा

व्हॉट्सअॅपवर परत फिरतंय, "खाऱ्या जमिनीत पिकणारं नवं भात आलं, खाजनवाल्यांची चांदी". (खाजन म्हणजे आपल्या गोव्यातली खाडीकाठची, बांध घालून राखलेली खारी शेतं.) पेरणी तोंडावर आलीय म्हणून लिहितोय. बातमी खोटी नाही, पण अर्धीच आहे. 4 मे 2025 ला दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जिनोम एडिटिंगच्या, म्हणजे रोपाच्याच जीनमध्ये नेमका बदल करून काढलेल्या, दोन भातजाती जाहीर केल्या, त्यातली पुसा डीएसटी राइस 1 ही खाराला टिकणारी. आंध्रच्या एमटीयू 1010 ह्या भातजातीतलं डीएसटी नावाचं एक जीन बंद पाडलंय, त्यामुळे पानावरची बारीक छिद्रं कमी होतात, पाणी कमी उडतं आणि रोप तग धरतं. बाहेरचं जीन आत घातलेलं नाही म्हणून केंद्रानं 2022 मध्येच असल्या जातींना जीएमच्या (बाहेरचं जीन घातलेल्या पिकांच्या) कडक नियमांतून सूट दिली, आणि भांडण तिथंच आहे, विरोधक म्हणतात पुरती सुरक्षा तपासणी न करता शेतात आणू नका, शिवाय ह्या तंत्राची पेटंटं बाहेरच्यांकडे आहेत मग बियाण्यावर हक्क कोणाचा? प्रश्न रास्त आहे.

पण आपल्याला जूनमध्ये पेरायचंय. जात जाहीर झाली म्हणजे बी दुकानात आलं असं नसतं, कोणी सुट्ट्या पिशवीत आणून दिलं तर प्रमाणित बियाण्याचा टॅग मागा, नसेल तर सरळ परत पाठवा. टॅगवालं मिळालंच तरी एका कोपऱ्यात लावून बघा, अख्खं शेत नको. आणि खाजनात नुसता खार कुठे असतो, मानशीतून (बांधातल्या फळ्यांच्या दारातून) पाणी शिरलं की रोप दोन-चार दिवस बुडून राहतं, तिथं छिद्रं कमी करून काय होणार!

कोरगुट हे खाजनातलं जुनं गावठी भात आपल्याकडे आहेच, उंच वाढतो, लोळतो, उतारा कमी, पण खाराशी जुनी ओळख. जुन्या गोव्याच्या आयसीएआर संस्थेनं त्यातूनच निवडून गोवा धान 1 आणि 2 काढलेत, विभागीय कृषी कार्यालयात आत्ताच विचारून ठेवा, पहिला पाऊस पडल्यावर नको.

माती तपासून घ्या. लॅबला 'ईसीई' (पाण्यानं पुरत्या भिजवलेल्या मातीच्या अर्काचा खारटपणा) काढायला सांगा, 1:2 वाला ईसी, म्हणजे एक भाग माती दोन भाग पाण्यात कालवून मोजलेला, कमी दिसतो आणि आपण उगाच खूश होतो. ईसीई 3 (डेसीसीमेन्स प्रति मीटर) च्या वर गेला की भाताचा उतारा घसरायला लागतो, पुढच्या दर आकड्याला साधारण 12 टक्के. म्हणून पहिल्या सरींचं पाणी शेतात भरू द्या, ओहोटीला मानशीतून सोडा, परत भरा, परत सोडा, खार उतरल्यावरच मोडाचं (भिजवून मोड आणलेलं) बी टाका. मोड आणण्याआधी बी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून त्यात घोळा, तरंगेल ते फेका, बुडालेलं गोड्या पाण्यात दोनदा धुवा (हे धुणंच लोक विसरतात).

बांधाला खेकड्यांची भोकं आत्ताच बुजवा, पुनव-अमाशेची भरती यायच्या आधी. बांध-मानस सांभाळणाऱ्या कूळ संघटनेवर ढकलून घरी बसू नका. फुलोऱ्यात रोप परत नाजूक होतं, तेव्हा पावसानं ओढ दिली तर मानशीच्या फळ्या रात्री स्वतः बघून या.