शेततळ्यातलं शेवाळ: मोरचुदाच्या आधीची कामं

फेब्रुवारी उलटला की प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याचा रंग बदलायला लागतो. पाणी खाली जातं, ऊन चढतं आणि पावसाळ्यात धुऱ्यावरून वाहून आलेलं खत उरलेल्या पाण्यात घट्ट होत जातं. मग एक दिवस काठाला हिरव्या जटा दिसतात, ठिबकचा फिल्टर तासातासाला तुंबतो आणि कुणीतरी सांगतं, "मोरचूद टाकून दे." मोरचूद (कॉपर सल्फेट) चालतं, पण त्याचा नंबर शेवटचा.

शेवाळाला लागणारं स्फुरद (फॉस्फरस) किती थोडं असतं, ते आधी हिशेबाने पाहा. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या, 1:1 उताराच्या तळ्यात काठोकाठ 2196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं. एक किलो डीएपी खतात साधारण 200 ग्रॅम मूळ स्फुरद असतं. ते एवढ्या पाण्यात मिसळलं तर लिटरला 0.09 मिलिग्रॅम पडतं, आणि पाणी हिरवं व्हायला एवढं पुरतं. पोतं लागत नाही, एक किलो बास. म्हणून काठावर खताची पोती ठेवणं, ड्रम तळ्याच्या पाण्यात विसळणं आणि मासे आहेत म्हणून अंदाजाने शेणाच्या पाट्या ओतणं, हे तिन्ही आधी बंद करा.

शेवाळ कोणतं ते ओळखा

एक काडी पाण्यात फिरवून वर काढा. केसांसारखे धागे काडीला लोंबले तर ते तंतुमय शेवाळ. हे उथळ काठाला आणि अस्तराच्या उतारावर धरतं, मग हवेचे बुडबुडे धरून वर तरंगतं. काडीला धागे न येता हिरवा रंग फासल्यासारखा लागला तर संशय निळ्या-हिरव्या शेवाळाचा. खात्रीसाठी पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा थर वर आलेला दिसला तर बहुधा तेच. त्याचे काही प्रकार विषारी असतात, म्हणून असा थर असेपर्यंत गुरं, बकऱ्या त्या पाण्यावर सोडू नका.

पाणी एकसारखं हिरवट असेल आणि तळ्यात मासे असतील तर लगेच घाबरू नका. ते माशांचं खाद्य आहे. किती हिरवं चालेल, हे मोजायला 20 सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा आणि खुणा केलेल्या दोरीला बांधा. दुपारच्या आत, ऊन पाठीशी घेऊन ती पाण्यात सोडा. 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. 20 च्या आतच गेली तर खाद्य आणि खत त्याच दिवशी थांबवा.

हाताने काढणं

तंतुमय शेवाळावर याच्याइतका खात्रीचा उपाय नाही, पण लोक कंटाळतात. लोखंडी दाताळं वापरू नका, 500 मायक्रॉनचं अस्तरही त्याने फाटतं. दोन बांबूंना मच्छरदाणीचं किंवा बारीक नायलॉनचं जाळं बांधा, दोघांनी समोरासमोरच्या काठांवर उभं राहून ते दोरीने हळूहळू ओढत एका कोपऱ्यात आणा. उतारावर चिकटलेलं शेवाळ नारळाच्या काथ्याच्या झाडूने खरवडा. ओला उतार फार निसरडा असतो. कमरेला दोर आणि वर दुसरा माणूस असल्याशिवाय कुणी उतारावर पाय ठेवू नये.

काढलेला ढीग काठावर सोडला तर पहिल्या पावसात त्यातलं खत परत तळ्यात येतं. तो कुटारात (पिकाच्या भुशात) मिसळून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. दर आठ दिवसांनी थोडं थोडं काढणं, महिन्याने एकदम काढण्यापेक्षा सोपं पडतं.

शेवाळ येऊच नये म्हणून

पाणी ओढ्या-नाल्यातून भरत असाल तर मृगाचे पहिले दोन-तीन लोंढे जाऊ द्या. शेतातलं खत आणि गाळ त्यातच जास्त असतो. तोंडाशी 2 बाय 2 बाय 1 मीटरचा गाळखड्डा करा आणि दरवर्षी उपसा. उन्हाळ्यात पाण्याची खोली दीड मीटरच्या खाली जाऊ न देणं जमलं तर निम्मं काम झालं. 15 बाय 15 मीटरसारख्या लहान तळ्यावर तार ताणून शेडनेट टाकता येतं. मोठ्यावर वारा ते टिकू देत नाही.

मासे सोडायचे असतील तर नऊ गुंठ्यांच्या तळ्यात एकूण 450-500 बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) पुरे. त्यात 80-100 चंदेरा (सिल्व्हर कार्प) ठेवा, तो पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. गवत्या (ग्रास कार्प) 20-25 च बास. तो मऊ पाणवनस्पती आवडीने खातो, शेवाळ मात्र नाइलाजाने, आणि पोट भरून ढेप मिळाली तर शेवाळाकडे बघतही नाही. कोंडा-ढेप छिद्रं पाडलेल्या पोत्यात टांगून द्या. तरंगतं खाद्य अर्ध्या तासानंतर उरलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करा.

तणस किंवा कुटाराच्या पेंढ्या पाण्यात टाकायचा सल्लाही फिरतो. त्याचा गुण भरवशाचा नाही, सडताना मात्र प्राणवायू नक्की खातात. तणनाशकाचा विचारही नको. ग्लायफोसेटने शेवाळ मरत नाही, मासे मात्र मरू शकतात, आणि तेच पाणी पुढे संत्र्याच्या मुळाशी जातं.

मोरचूद टाकायचंच असेल तर

मात्रा पाण्याच्या अल्कलिनिटीवर (क्षारतेवर, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटवर) ठरते. पाणी तपासणीच्या कागदावर कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंटमध्ये असतील तर दोन्हींची बेरीज करून 50 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे अल्कलिनिटी; त्याला 100 ने भागलं की घनमीटरमागे किती ग्रॅम मोरचूद, ते मिळतं. अल्कलिनिटी 50 पेक्षा कमी असेल आणि तळ्यात मासे असतील तर मोरचूद अजिबात नको. 250 च्या वर असेल तर मोरचुदातलं तांबं लवकर साक्यात (तळाच्या गाळात) बसतं आणि पैसे वाया जातात.

चूक होते ती पाणी मोजताना. वरच्याच तळ्यात पाणी दीड मीटर उरलं, तर ते निम्मं नसतं. उतारामुळे 976 घनमीटरच भरतं. दोन मीटरला 1355, एक मीटरला 625. काठोकाठच्या हिशेबाने औषध टाकलं की मात्रा दुप्पट-तिप्पट होते.

समजा दीड मीटर पाणी आहे आणि अल्कलिनिटी 150. घनमीटरला दीड ग्रॅम, म्हणजे एकूण 1460 ग्रॅम. यातलं एक तृतीयांश, 490 ग्रॅमच्या आसपास, आज फक्त तळ्याच्या एका भागात. उरलेले दोन भाग 10 ते 14 दिवसांच्या अंतराने. सगळं शेवाळ एकदम मेलं तर ते सडताना प्राणवायू संपतो, आणि मासे औषधापेक्षा त्या गुदमरण्यानेच जास्त मरतात.

मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत 15 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. जस्ती बादली किंवा लोखंडी ड्रम नको, तांबं त्यावरच बसतं. हातमोजे घाला. कडक ऊन असलेल्या दिवशी सकाळी नऊ-दहाला, शेवाळावर मगाने शिंपत जा. ढगाळ हवेत टाकू नका. मे महिन्यात पाणी तापलेलं आणि मासे दाट असतील तरीही नको, जाळंच बरं. पुढच्या दोन-तीन रात्री पहाटे चारला उठून तळ्यावर चक्कर मारा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र), नाहीतर मोटर चालू करून पाणी उंचावरून परत तळ्यातच पाडा. ऊन चढेपर्यंत चालू ठेवा.

पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात, म्हणजे गावाच्या जुन्या तलावात, हा प्रयोग करू नका. ते पाणी गावाचं, गुरांचं, मासेमारी संस्थेचं असतं.

ठिबकची बाजू

फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या ओढणीच्या पाइपाचं टोक) तळाला ठेवला तर गाळ येतो, वर ठेवला तर शेवाळ. रिकाम्या बंद कॅनला बांधून तो पाण्याखाली 50-60 सेंटिमीटरवर तरंगता ठेवा. तळ्याच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही. आधी सँड फिल्टर, मग डिस्क. सँड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात 0.5 किलोचा फरक दिसला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा.

नळ्यांत शेवाळ धरलं असेल तर दर 5000 लिटर पाण्यामागे 30 टक्के क्लोरीनची 330 ग्रॅम ब्लिचिंग पावडर बादलीत कालवा, तासभर निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणीच व्हेंचुरीतून (ठिबकमध्ये खत ओढून घेणाऱ्या नळीतून) अर्धा तास सोडा. यात युरिया किंवा आम्ल कधीही मिसळू नका, आम्लाबरोबर विषारी वायू निघतो. हे पाणी उलटं तळ्यात जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं न जाऊ देणारी झडप) आधी तपासा. मोटर बंद करून 24 तास तसंच राहू द्या, मग सबमेन (मधली मोठी नळी) आणि प्रत्येक लॅटरलचं (ओळीतल्या नळीचं) टोक उघडून हिरवट पाणी संपेपर्यंत वाहू द्या.