विद्यापीठाच्या भिंतीवर ‘शिकणं’ कसं रंगवावं?

शिक्षणावरचं भित्तिचित्र म्हटलं की उघडं पुस्तक, पेटलेला बल्ब आणि पदवीची टोपी ठरलेलीच. ही झाली शिकण्याची साधनं, नाहीतर बक्षिसं. माणूस शिकताना नेमकं काय करतो, ते त्यांत दिसत नाही. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी एक क्रियापद निवडा: विचारणं, उकलणं, जुळवणं, खोडणं.

समजा ‘खोडणं’ निवडलं. मग चित्रात आकडेमोडीनं भरलेला फळा येतो, डस्टर धरलेला हात येतो आणि पुसलेल्या पट्ट्यात आधीचं गणित अजून पुसट दिसत राहतं. चूक पुसली, तरी तिच्यातूनच पुढची पायरी निघाली, हे सांगायला शीर्षक लागत नाही. कच्चं चित्र विद्यार्थ्यांना, प्राध्यापकांना, सफाई कर्मचाऱ्यांना दाखवा आणि “काय दिसतं?” एवढंच विचारा. समजावून सांगू नका. उत्तरं वेगवेगळी आली तर उत्तमच. सगळेच गप्प राहिले तर चित्र बदला.

परवानगी लेखी घ्या. चित्र किती वर्षं राहणार आणि देखभाल कोण करणार, हेही त्यात असू द्या.

आता भिंत. पांढरी भुकटी दिसली तर लोणा लागलाय, म्हणजे पाण्याबरोबर क्षार बाहेर येताहेत. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. आतून थेंब धरले तर आधी ओलीचा बंदोबस्त करा. त्यावर कितीही महाग रंग लावला तरी पोपडे निघणारच. नवा सिमेंटचा गिलावा किमान २८ दिवस मुरू द्या, पोपडे खरवडा, भिंत धुऊन वाळवा आणि क्षाररोधक प्रायमर लावा.

रंग बाहेरच्या भिंतींसाठीचा अ‍ॅक्रिलिकच घ्या. मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर हुआन ओ’गोर्मान यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४,००० चौरस मीटरचं भित्तिचित्र केलं, तेही रंग न वापरता, नैसर्गिक रंगांच्या दगडी तुकड्यांनी. दगडाचा रंग उन्हानं सहज उडत नाही. आपल्याला दगड परवडले नाहीत तरी ती दृष्टी घेता येते: मोठे भाग गेरू, पिवळी माती, तपकिरी, काळा अशा खनिज छटांत ठेवा. भडक गुलाबी आणि फ्लोरोसंट रंग लवकर विटतात. ते छोट्या, सहज पुन्हा रंगवता येतील अशा जागीच वापरा.

चित्र भिंतीवर उतरवायला चौकटींची पद्धत आहेच: कागदावर १० सेंटिमीटरची चौकट, भिंतीवर १ मीटरची. पण खिडक्या-पाइप मध्ये येत असतील तर मला खरडींची पद्धत जास्त आवडते. भिंतभर वेड्यावाकड्या खुणा करायच्या, फोटो काढायचा, मोबाइलवर त्यावर चित्र ठेवायचं आणि कुठली रेषा कुठल्या खुणेवरून जाते ते बघत आखायचं. शिकण्यावरच्या चित्रात या खुणांच्या जागी विद्यार्थ्यांनाच त्यांचे न सुटलेले प्रश्न लिहायला सांगा. आखणी होते आणि भिंत त्यांचीही होते. फक्त मार्कर देऊ नका, त्याची शाई वरच्या रंगातून फुटून येते. पातळ केलेला रंग आणि ब्रश द्या.

रंगवताना वरून खाली या. आधी रोलरनं मोठे भाग, मग बारकावे. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. उंचीवर शिडीपेक्षा कठड्याची परांची बरी. अधूनमधून खाली उतरून, लोक जिथून चालत जातात तिथून बघा. जवळून सुरेख वाटणारी बारीक रेषा तिथून बहुधा दिसतच नाही.

रंग नीट मुरल्यावर बाहेरच्या वापराचं वार्निश लावा. खालच्या भागात पाठी, बॅगा, सायकली घासतात, तिथे एक हात जास्त द्या. उरलेल्या डब्यांवर छटेचा क्रमांक आणि चित्रातली जागा लिहून ते देखभाल करणाऱ्यांच्या ताब्यात द्या.